अकरा डब्यांवरची गोगलगाय

काटा चुकीचं वजन दाखवू लागला, की दुकानदार आधी मालाला दोष देतो, मग हवेतल्या ओलाव्याला, आणि आपलाच अंगठा पारड्यावर टेकला आहे हे त्याच्या सगळ्यात शेवटी लक्षात येतं. हंगेरीतल्या शोप्रोनच्या बाजारात अडतीस वर्षं वजनमापं तपासणाऱ्या आगोश्तोन यांनी हे इतक्या वेळा पाहिलं होतं, की निवृत्तीच्या समारंभात त्यांनी एवढं एकच वाक्य सांगितलं आणि ते खाली बसले.

त्यानंतर चार वर्षांनी, ऑगस्टच्या मध्यावर, एक निराळंच मोजमाप त्यांच्यापुढे येऊन उभं राहिलं. त्यांची नात बोरोका एकवीस महिन्यांची झाली होती आणि तिच्या तोंडून अजून एकही शब्द फुटला नव्हता. ती कशाकडे बोटही दाखवत नसे. हवी ती वस्तू स्वतः जाऊन आणायची. हात पोचला नाही तर त्या वस्तूच्या बरोबर खाली जाऊन उभी राहायची, पिकलेलं फळ आपोआप पडेल अशा खात्रीनं.

बालवैद्यांनी घाबरवलं नाही. कान तपासले, ते उत्तम होते. "नोव्हेंबरात दोन वर्षांची होईल. तोवर शब्द नाही, बोट दाखवणं नाही, असंच राहिलं तर बुडापेस्टला तज्ज्ञांकडे पाठवू. तोवर तिच्याशी भरपूर खेळा. आणि एक लक्षात ठेवा, आज जे येतंय तेही जायला लागलं, तर नोव्हेंबरची वाट पाहू नका."

हे शेवटचं वाक्य एमोकेच्या मनात रुतून बसलं. एमोके ही आगोश्तोन यांची एकुलती एक लेक. तिचा नवरा आठवडाभर सीमेपलीकडे ऑस्ट्रियात सुतारकाम करायचा आणि शनिवारी घरी यायचा. एमोके स्वतः एक सप्टेंबरपासून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पुन्हा रुजू होणार होती. बोरोका सकाळी पाळणाघरात राहील आणि दुपारची झोप झाली की आजोबांकडे येईल, असं ठरलं.

"अपू, तू फक्त तिच्याशी खेळ," एमोके वडिलांना म्हणाली.

"खेळ म्हणजे नेमकं काय?"

"काय म्हणजे काय? खेळ! ठोकळे, चेंडू, काहीही."

"काहीही हे काही उत्तर नाही. ठोकळे दिले, तर त्यातून काय कळायला हवं?"

"अपू, ती तराजू नाहीये!"

"तराजू असती तर सोपं होतं," आगोश्तोन म्हणाले आणि लाकडाच्या पेट्या शोधायला माळ्यावर चढले.

आठ दिवसांत त्यांनी अकरा डबे तयार केले. एकात बाजारातली जुनी पितळी वजनं आणि ती ज्यात चपखल बसतील असा भोकांचा ठोकळा. दुसऱ्यात आठ कापडं, मखमलीपासून गोणपाटापर्यंत, खरखरीतपणाच्या चढत्या क्रमानं. तिसऱ्यात अक्रोड, दोन वाट्या आणि लाकडी डाव. एकात नुसती झाकणं आणि बरण्या. सातव्यात कपडे वाळत घालायचे चिमटे आणि ते लावायला पुठ्ठ्याची चकती. एका दिवशी एकच डबा, वीस मिनिटं, आणि खेळ संपला की वहीत नोंद. प्रत्येक झाकणावर त्यांनी तपकिरी रंगात एक गोगलगाय रंगवली.

गोगलगायीला कारण होतं. पाळणाघरात मुलांना अक्षरं कळत नाहीत, म्हणून प्रत्येकाला एक चित्र मिळतं. तीच त्याची खूण. खुंटीवर, टॉवेलवर, पेल्यावर, पलंगावर तीच खूण. आईबापांनी ती मुलाच्या कपड्याअंथरुणावर टाके घालून काढायची, ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. माणसं आपल्या सैन्यातल्या तुकडीचा क्रमांक विसरतात, पण खूण विसरत नाहीत. त्याच पाळणाघरात चौसष्ट वर्षांपूर्वी आगोश्तोन यांना गोगलगाय मिळाली होती. एमोकेलाही गोगलगाय. तेव्हा बोरोकाला काय मिळणार हे विचारायला जाण्याची त्यांना गरजच वाटली नाही. आलेखाच्या कागदावर आकृती आखून, फुलीच्या टाक्यात, तीन टॉवेल, दोन लाळेरी, दोन चादरी आणि एक उशीचा अभ्रा अशा आठ कापडांवर त्यांनी आठ गोगलगायी काढल्या. शंखाचे वेढे प्रत्येकीत तंतोतंत साडेतीन.

एक सप्टेंबरला पाळणाघराच्या बाई, इर्मा नेनी, ती चळत पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आगोश्तोन बाची, अहो, हे काय करून ठेवलंत? गोगलगाय बेंदेची आहे, त्या सतत नाक गळणाऱ्या पोराची. जानेवारीपासून."

"पण आमच्याकडे तीन पिढ्या गोगलगायच आहे."

"खूण म्हणजे काय द्राक्षमळा आहे, बापाकडून लेकीला आणि लेकीकडून नातीला? झारी, नौका आणि बेडूक मोकळे आहेत. तिलाच घेऊ दे."

बोरोकानं झारीचं चित्र उचललं. ते तिच्या सगळ्यात जवळ होतं, याची आगोश्तोन यांनी मनातल्या मनात नोंद केली.

चार संध्याकाळी बसून त्यांनी पाळणाघरासाठी नवे टॉवेल, नवी चादर आणि छातीवर झारी असलेला अंगरखा तयार केला. गोगलगायी घरी राहिल्या.

"उसवून टाक ना त्या," एमोके म्हणाली.

"कशासाठी? चांगले टाके आहेत. पाळणाघरचं पाळणाघरात, घरचं घरी. तिला काय फरक पडतो?"

तोवरच्या नोंदी उत्तम होत्या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बोरोकानं जवळजवळ प्रत्येक डबा आनंदानं स्वीकारला होता. दोनशे ग्रॅमचं वजन शंभराच्या भोकात जात नाही, हे कळायला तिला सहा प्रयत्न लागले. सातव्यांदा तिनं प्रयत्नच केला नाही. त्या ओळीखाली आगोश्तोन यांनी रेघ ओढली होती.

मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काहीतरी बिनसलं. डबा समोर ठेवला की ती झाकणाकडे पाहायची, उघडायचीही नाही. दोन्ही हातांनी डबा ढकलत, फरशीवरून घासत, बाहेरच्या दारापर्यंत न्यायची आणि पायपुसण्यावर ठेवून परत यायची. लाळेरं बांधलं की ओढून काढायची आणि तेही डब्यावर नेऊन ठेवायची. हात धुतल्यावर टॉवेल पुढे केला तर मागे सरायची आणि ओले हात स्वतःच्या फ्रॉकला पुसायची. डब्यातला खेळ कंटाळवाणा झाला असेल म्हणून आगोश्तोन यांनी आतला ऐवज बदलला. मग पुन्हा बदलला. अक्रोडांच्या जागी चेस्टनट आले, वजनांच्या जागी कुलपं-किल्ल्या. अकराच्या अकरा डबे पुन्हा दाराशी गेले. मधल्या वेळात ती स्वयंपाकघरात बसून गाळणी आणि पातेल्याचं झाकण घेऊन तासभर रमायची. पण ते त्यांच्या आराखड्यात नव्हतं, त्यामुळे वहीतही आलं नाही.

एमोकेनं वही वाचली आणि ती मिटून हळूच टेबलावर ठेवली.

"येत होतं ते जातंय, अपू."

आकडे तेच म्हणत होते. तज्ज्ञांची लवकरात लवकरची वेळ मागितली, ती मिळाली चार नोव्हेंबरची. त्या आठवड्यात एमोके जेवताना ताटाकडे पाहायची नाही, लेकीच्या तोंडाकडे पाहायची. चमच्यातली कोको घातलेली रव्याची खीर गिळताना तिथून काही ऐकू येतंय का, याकडे तिचे कान लागलेले असायचे.

"पाळणाघरात कशी असते?" आगोश्तोन यांनी इर्मा नेनींना विचारलं.

"इथं? इथं तर राणी आहे. सकाळपासून खेळते. स्वतःची खुंटी तिसऱ्याच दिवशी ओळखली तिनं."

"खुंटी नव्हे, खुंटीची जागा. डावीकडून पाचवी. मांजरसुद्धा एवढं लक्षात ठेवतं."

"मांजर स्वतःचा कोट टांगत नाही, आगोश्तोन बाची," इर्मा नेनी म्हणाल्या आणि कुणाचं तरी नाक पुसायला आत गेल्या.

ऑक्टोबर संपत आला. एक नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या, आत सगळं शहर आपापल्या माणसांच्या कबरी घासूनपुसून ठेवतं. आगोश्तोन यांनाही पत्नीची, एतेल्काची, शिळा धुवायची होती. तीस तारखेला दुपारी ते बोरोकाला घेऊन दफनभूमीत गेले. हाताशी ब्रश, शेवंतीच्या दोन कुंड्या आणि पिशवीत डबा क्रमांक सात, चिमट्यांचा. नात रमली नाही तरी निदान नोंद होईल.

सकाळी पाऊस पडून गेला होता. नळापाशी पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या डझनभर झाऱ्या आकड्यांना टांगलेल्या होत्या, हिरव्या, निळ्या, एक पिवळी, काहींना कुलूप. बोरोका चालता चालता थबकली. तिनं झाऱ्यांकडे पाहिलं. मग तिनं आपला तळहात छातीवर आपटला. एकदा, आणि थांबून पुन्हा एकदा.

आगोश्तोन यांनी ते पाहिलं. तिच्या अंगात लाल कोट होता आणि त्यावर कसलंही चित्र नव्हतं. पाळणाघरातल्या अंगरख्यावर बरोबर त्या जागी झारी होती, हे त्यांना आठवलं. पण पोरांना पाणी आवडतं, आणि आवडलं की पोरं हात आपटतात, हेही त्यांना आठवलं. त्यांनी हिरवी झारी भरून घेतली. बोरोका तिच्या कडेला हात लावून, मालकिणीच्या तोऱ्यात, शेजारून चालू लागली.

शिळेजवळ पोचल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढून कबरीच्या काठावर ठेवला. नेहमीप्रमाणे बोरोकानं झाकणाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग ती शिळेच्या पलीकडे गेली आणि उकिडवी बसली. ओल्या दगडावरून एक गोगलगाय निघाली होती. थंडीआधीची शेवटची असावी. मोठी, राखाडी अंगाची, पाठीवर फिकट शंख. ती चार बोटं पुढे सरकेपर्यंत बोरोका हलली नाही. मग तिनं मान वर केली, आजोबांकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"बेंदे."

आगोश्तोन यांच्या हातातला ब्रश जिथल्या तिथे थांबला.

अडतीस वर्षांची सवय होती. काटा स्थिर होईपर्यंत पारड्याजवळ श्वाससुद्धा सोडायचा नाही. आपण ते नाव उच्चारलं, तर पुढचं सगळं निकामी होईल, एवढंच त्यांना सुचलं.

बोरोकानं दोन बोटांच्या चिमटीत शंख धरला. दगडापासून सुटताना होणारा बारीक आवाज ऐकून थबकली, आणि मग दोन्ही हातांच्या ओंजळीत ती गोगलगाय घेऊन शिळेला वळसा घालून आली. डब्याच्या झाकणावर, रंगवलेल्या गोगलगायीच्या अगदी शेजारी, तिनं ती ठेवली. जिवंत गोगलगायीवर बोट टेकवलं. "बेंदे." रंगवलेल्या गोगलगायीवर बोट टेकवलं. "बेंदे." मग तिनं गोगलगायीसकट डबा उचलला, पोट पुढे काढून, धापा टाकत, कबरींमधल्या वाटेपर्यंत नेला, फाटकाच्या दिशेला ठेवला आणि परत येऊन आजोबांसमोर उभी राहिली. एक काम, जे मोठ्यांना सांगून सांगून होत नाही, ते पुन्हा एकदा स्वतः करून दाखवलेल्या माणसाचा थकवा तिच्या चेहऱ्यावर होता.

दाराशी. दाराशी. दाराशी. वहीतली ती ओळ त्यांच्या डोळ्यांपुढे सरकत गेली, अकरा डबे, पाच आठवडे. डबे तिला कंटाळवाणे वाटत नव्हते. ते तिचे नव्हते.

आगोश्तोन शेजारच्या कबरीच्या कट्ट्यावर, परवानगी न घेता, बसले.

म्हणजे या पाच आठवड्यांत त्यांची नात मागे जात नव्हती. ती एका अशा घरात राहत होती, जिथे अंगावरची चादर, तोंडाखालचं लाळेरं, हातातलं खेळणं, सगळं बेंदेचं होतं. आणि मोठी माणसं रोज हसतमुखानं तिला दुसऱ्याच्या वस्तू वापरायला लावत होती. तिनं चोरी नाकारली होती. दुसऱ्याच्या टॉवेलला हात पुसण्यापेक्षा तिनं आपला फ्रॉक ओला केला होता, आणि एकेक वस्तू, तिच्या हातात होतं तेवढं, दारापर्यंत परत पाठवली होती. कापडावरच्या साडेतीन वेढ्यांच्या त्या आकृतीचा आणि या ओल्या, शिंगं असलेल्या जिवाचा एकमेकांशी संबंध आहे, आणि त्या दोघांचा तिसऱ्याशी, एका नाक वाहणाऱ्या मुलाशी, जो इथं नाही, दिसत नाही, तरीही त्याच्या वस्तू त्याच्याच राहतात: एवढी सगळी बांधणी त्या इवल्याशा टोपीखाली, कुणालाही न सांगता, उभी राहिली होती. त्यांना आकाशाकडे पाहून कधी भय वाटलं नव्हतं. आत्ता त्या लोकरी टोपीकडे पाहताना ते वाटलं.

मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. झारीत बोट बुडवून त्यांनी शिळेच्या कोरड्या, काळ्या बाजूवर पाण्यानं एक झारी काढली. रंग नाही, टाके नाहीत, आणि डावीकडून पाचवी जागाही नाही. बोरोकानं छातीवर हात आपटला.

ती रेघ वाळायच्या आत त्यांनी शेजारी एक नौका काढली, शीड असलेली. बोरोकानं नौकेकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. काहीच केलं नाही. ते बराच वेळ थांबले. दगडावरची नौका हळूहळू वाळून नाहीशी झाली. त्यांनी वही काढून लिहिलं: 'नौका. प्रतिसाद नाही.' आणि मग लेकीला फोन लावला.

"तिनं शब्द उच्चारला."

पलीकडे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. ते बंद झालं. "कोणता?"

"बेंदे."

"बेंदे कोण?"

"गोगलगाय."

"अपू," एमोके सावकाश म्हणाली, "तू कुठे आहेस? बस आधी. पाणी पी."

"मी बसलोय. डबे सगळे बेंदेचे होते, एमोके. माझा अंगठा होता पारड्यावर."

त्या संध्याकाळी एमोकेनं तीनदा वही वाचली, दोनदा रडली आणि मग वडिलांना म्हणाली, "मी म्हटलं होतं, उसवून टाक."

"म्हटलं होतंस. पण कारण नव्हतं दिलंस."

"कारण! आई असती ना, तर तिनं तुलाच उसवलं असतं."

त्यांनी छोटी कात्री घेतली आणि आठही गोगलगायी टाका टाका करून उसवल्या. बोरोका शेजारी बसून पडणारे तपकिरी धागे पाहत होती. पहिला टॉवेल कोरा झाला, तेव्हा तिनं तो तोंडाला लावून पाहिला.

"चार तारखेची वेळ रद्द करू का?" एमोकेनं विचारलं.

"मुळीच नाही. एका शब्दावरून काही सिद्ध होत नाही. आपण जाऊ, वही दाखवू, त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. बोट दाखवणं अजून नाहीच आहे." एवढं बोलून त्यांनी दुसरा टॉवेल ओढला. पण एमोकेला दिसलं, की ते कात्री उलटी धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणाघरात बोरोकानं डबा क्रमांक सात स्वतःच उचलून आणला. आत शिरताच ती खुंट्यांच्या रांगेकडे गेली आणि गोगलगायीच्या खुंटीखाली डबा ठेवून तिनं हात झटकले. एक प्रकरण मिटलं.

"हे काय? लाच?" इर्मा नेनींनी विचारलं.

"परतफेड," आगोश्तोन म्हणाले. "उरलेले दहा सोमवारी आणतो." मग त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. छत्री, घंटा, गोगलगाय, मासा, झारी, आणि टोकाला, मोकळ्या खुंटीवर, शीड असलेली नौका. "इर्मा नेनी, ती नौका कुणाची?"

"कुणाचीच नाही. तेव्हापासून मोकळीच आहे ती."

आगोश्तोन यांनी टोपी काढून काखेत धरली, वही उघडली, कालच्या ओळीवर, 'प्रतिसाद नाही' या शब्दांवर, नीट सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: 'उत्तर बरोबर.'

ते लिहीत असताना त्यांच्या काखेतली टोपी कुणीतरी ओढून घेतली. त्यांनी मान वर करेपर्यंत बोरोका ती छातीशी धरून रांगेच्या टोकाला पोचली होती. ती नौकेच्या खाली जाऊन उभी राहिली, नेहमी उभी राहायची तशीच. खुंटी उंच होती. तिनं वर पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. काही पडत नव्हतं. मग तिनं टोपी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचं एक बोट, बाकीची चार मिटून, सरळ त्या नौकेकडे उचललं.

पाळणाघरात नेहमीचा कलकलाट चालू होता. आगोश्तोन यांना त्यातलं काहीही ऐकू आलं नाही. ते गेले, तिच्या हातातून टोपी घेतली आणि तिनं सांगितलं तिथे, आपल्या नव्या खुंटीवर, टांगली.

त्या दिवशी ते पावसातून उघड्या डोक्यानं घरी आले.